युद्धाचा हिशेब करवहीत शोधणारा वार्ताहर : बर्नार्ड फॉल

- विशेष प्रतिनिधी

२१ फेब्रुवारी १९६७. व्हिएतनाममधील ह्युए शहराच्या वायव्येला अमेरिकी मरीन सैनिकांची एक तुकडी सावधपणे पुढे सरकत होती. तुकडीबरोबर चाळीस वर्षे वयाचे एक प्राध्यापक चालत होते. आजूबाजूला जे दिसत होते, ते स्वतःजवळच्या ध्वनिमुद्रकात ते बोलून ठेवीत होते. परिस्थिती संशयास्पद वाटते, शत्रू दबा धरून बसला असावा, अशा अर्थाचे वाक्य उच्चारत असतानाच त्यांचा शब्द अर्ध्यावर तुटला. सुरुंगाचा स्फोट झाला होता. त्यात हे प्राध्यापक आणि त्यांच्यासोबतचे लष्करी छायाचित्रकार सार्जंट बायरन हायलँड असे दोघेही मृत्युमुखी पडले.

त्या प्राध्यापकांचे नाव बर्नार्ड फॉल. ज्या भागात त्यांना मृत्यू आला, त्याच भागाचे नाव त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाला होते. ह्युए ते क्वांग त्री या शहरांदरम्यानच्या महामार्गालगतच्या, वाळूच्या टेकड्या आणि तटबंदीसारखी गावे असलेल्या या पट्ट्याला फ्रेंच सैनिकांनी 'आनंद नसलेला रस्ता' असे नाव ठेवले होते. फॉल यांनी १९६१ मध्ये 'स्ट्रीट विदाऊट जॉय' या ग्रंथातून ते जगापुढे आणले.

युद्धवार्ताहर अनेक होऊन गेले. रणांगणावरील शौर्य, हालअपेष्टा आणि संहार यांची प्रभावी वर्णने त्यांनी लिहून ठेवली. फॉल यांचे वेगळेपण असे, की युद्धात नेमके कोण जिंकत आहे हे ओळखण्याची एक पद्धत त्यांनी घालून दिली. सेनापतींच्या नकाशांवर विसंबून न राहता त्यांनी तलाठ्याच्या दप्तरासारख्या रूक्ष कागदांत युद्धाची दिशा शोधली. ती दिशा त्यांना दिसली. परंतु ज्यांनी ती पाहावयास हवी होती, त्यांनी ती वेळेवर पाहिली नाही.

पोरका झालेला बंडखोर

फॉल यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२६ रोजी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर हे कुटुंब फ्रान्समध्ये आश्रयास आले. तथापि युद्धाने तेथेही त्यांचा पिच्छा सोडला नाही. वडील प्रतिकार चळवळीस साह्य करीत असताना जर्मनांच्या हाती सापडून मारले गेले. आईची रवानगी ऑशविट्झच्या छळछावणीत झाली आणि ती परत आली नाही. बर्नार्ड स्वतः अवघ्या सोळाव्या वर्षी फ्रेंच प्रतिकार चळवळीत दाखल झाले. पुढे ते फ्रेंच सैन्यात सामील झाले आणि १९४६ पर्यंत तेथे राहिले.

डोंगराळ भागात लपून, स्थानिकांच्या आधाराने बलाढ्य सत्तेशी कसे लढतात, हे त्यांनी कोवळ्या वयात स्वतः अनुभवले होते. गावकरी आपल्याला का जेवू घालतात आणि कोणत्या क्षणी दार बंद करतात, याचे ज्ञान त्यांना पुस्तकांतून मिळवावे लागले नाही.

युद्धानंतर न्यूरेम्बर्ग येथील युद्धगुन्ह्यांच्या चौकशीत त्यांनी संशोधक म्हणून काम केले. क्रुप या बड्या जर्मन उद्योगसमूहाविरुद्धच्या प्रकरणाशी ते संबंधित होते. अवाढव्य यंत्रणा आपल्या कृत्यांचे पुरावे नकळत स्वतःच्याच कागदपत्रांत ठेवून जातात, हा धडा तेथे मिळण्याजोगा होता आणि फॉल यांच्या पुढील साऱ्या लेखनावर त्याची छाप दिसते. १९५१ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत आले आणि सिरॅक्यूज विद्यापीठात शिकू लागले. १९५२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधील एका अभ्यासवर्गात तेथील अध्यापकांनी त्यांना इंडोचायनाचा विषय सुचविला. फारसे कोणी अभ्यासत नसलेल्या त्या प्रदेशाने त्यांना उरलेल्या आयुष्यभरासाठी बांधून घेतले.

करवहीतले युद्ध

१९५३ मध्ये फॉल स्वखर्चाने व्हिएतनामला गेले. फ्रान्स आणि हो ची मिन्ह यांची व्हिएतमिन्ह संघटना यांच्यातील युद्ध तेव्हा सातव्या वर्षात होते. फ्रेंच नागरिक आणि माजी सैनिक असल्याने त्यांना फ्रेंच तुकड्यांबरोबर फिरण्याची मुभा मिळाली. हनोईतील लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना नकाशे दाखविले. लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा बहुतांश भाग आपल्या ताब्यात असल्याचे त्या नकाशांवरून दिसत होते.

फॉल यांचे समाधान झाले नाही. ताबा म्हणजे काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. दिवसा एखादी तुकडी गावातून फेरी मारून गेली, तर ते गाव ताब्यात आले असे मानायचे काय? उत्तर शोधण्यासाठी ते हनोईतील करवसुलीच्या कार्यालयात गेले आणि गावनिहाय नोंदी पाहू लागले. तेव्हा असे आढळले, की त्रिभुज प्रदेशातील बहुसंख्य गावे सरकारकडे कर भरतच नव्हती.

हा निष्कर्ष पडताळण्यासाठी त्यांनी दुसरे साधन वापरले. गावोगावच्या शिक्षकांची नेमणूक केंद्रीय पातळीवरून होत असे. ज्या गावात सरकारी शिक्षक शिकवीत आहे, तेथे सरकारची सत्ता आहे असे मानता येईल; जेथे शिक्षक जाऊच शकत नाही, तेथे ती नाही. शिक्षकांचा नकाशा करांच्या नकाशाशी जुळला. फ्रेंच फळीच्या आतील सुमारे ७० टक्के भागावर प्रत्यक्षात व्हिएतमिन्हची हुकमत होती. लष्कराचा नकाशा आणि वस्तुस्थिती यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

ही पद्धत वरवर सोपी दिसते. तिचे मर्म मात्र खोल आहे. लष्करी अहवाल लिहिणाऱ्यास आपले यश दाखवावयाचे असते. करवसुलीच्या कारकुनास युद्धाशी कर्तव्य नसते. पैसे आले की नाहीत, एवढेच तो नोंदवितो. युद्धाविषयीचा विश्वसनीय पुरावा बहुधा युद्धासाठी न लिहिलेल्या कागदांत सापडतो, हे फॉल यांनी दाखवून दिले.

मृत्युवार्तांचा नकाशा

१९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामचे सतराव्या अक्षांशावर दोन भाग झाले. कराराच्या देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग नेमला गेला. भारताकडे त्याचे अध्यक्षपद होते, तर कॅनडा आणि पोलंड हे सदस्य होते. १९५७ मध्ये फॉल दक्षिण व्हिएतनाममध्ये परतले, तेव्हा अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्या राजवटीत सारे आलबेल असल्याचे त्यांना सांगण्यात आले. अमेरिकेतही हेच मत रूढ होते.

स्थानिक वृत्तपत्रे चाळताना फॉल यांना एक गोष्ट खटकली. गावप्रमुखांच्या निधनाच्या बातम्या जवळजवळ रोज एक या गतीने येत होत्या. कम्युनिस्टांचे नाव कोठेही नसे; मारेकरी 'अज्ञात' किंवा 'दरोडेखोर' असत. फॉल यांनी वर्षभराच्या बातम्या गोळा केल्या आणि मृत गावप्रमुखांची ४५२ नावे मोजली. त्यानंतर 'दरोड्यां'च्या बातम्याही त्यांनी नकाशावर मांडल्या. हे हल्ले देशभर विखुरलेले नसून ठरावीक पट्ट्यांत एकवटलेले होते.

यापुढील पायरी त्यांच्या चिकाटीची साक्ष देते. दक्षिणेत आपल्या समर्थकांवर अत्याचार होत असल्याच्या तक्रारी कम्युनिस्टांकडून नियंत्रण आयोगाकडे येत. त्या ज्या गावांविषयी होत्या, तीही फॉल यांनी नकाशावर टिपली. हत्यांचा नकाशा आणि तक्रारींचा नकाशा परस्परांशी जुळले. दुर्गम खेड्यातील घटना उत्तरेपर्यंत पोहोचते, याचा अर्थ तेथे कोणीतरी ती कळविणारे आहे आणि एक संघटित जाळे काम करीत आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. १९५८ मध्ये त्यांनी हे विवेचन प्रसिद्ध केले. दुसरे व्हिएतनाम युद्ध सुरू झाल्याचे अमेरिकी जनतेच्या ध्यानात येण्यास त्यानंतर बराच काळ जावा लागला.

मारले जाणारे गावप्रमुख हे सरकार आणि शेतकरी यांच्यातील अखेरचा दुवा होते. तो तुटल्यावर कर गोळा करणारा, तंटा मिटविणारा आणि जमिनीची नोंद ठेवणारा माणूस बंडखोरांचा असे. डिसेंबर १९६४ मध्ये अमेरिकेच्या नौदल युद्ध महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात फॉल यांनी हेच सूत्र मांडले. अशा लढ्यात सरकार रणांगणावर हरण्याआधी कारभारात हरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी बीजगणितासारखे समीकरण दिले : क्रांतियुद्ध म्हणजे गनिमी कावा अधिक राजकीय कार्य.

मराठी वाचकास 'गनिमी कावा' हा शब्द नवा नाही. झटपट छापा आणि तितकीच झटपट माघार हे त्याचे चित्र आपल्या मनात पक्के आहे. फॉल यांच्या मते छापा हा या समीकरणाचा एक भाग झाला. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी गावात कोणाचा शब्द चालतो, यावर निकाल ठरतो.

पराभवांचे इतिहासकार

फॉल यांच्या ग्रंथांचा मोठा भाग फ्रेंचांच्या पराभवाचे शवविच्छेदन आहे. 'स्ट्रीट विदाऊट जॉय'मध्ये १९५३ च्या जुलैमधील 'कामार्ग' मोहिमेचे वर्णन येते. भूमी, समुद्र आणि आकाश या तिन्ही मार्गांनी फ्रेंचांनी व्हिएतमिन्हच्या ९५ व्या रेजिमेंटला वेढा घालण्याचा प्रयत्न केला. वेढा आवळला गेला तेव्हा आतील बहुतेक सैनिक निसटून गेले होते. चौदा वर्षांनी फॉल यांचा मृत्यू झाला तो याच परिसरात.

त्याच पुस्तकातील 'ग्रूप मोबिल १००' या फ्रेंच फिरत्या पथकाची कहाणी अधिक हृदयद्रावक आहे. कोरियातील युद्धाचा अनुभव असलेले सैनिक त्यात होते. वाहने आणि तोफाही पुरेशा होत्या. जून १९५४ मध्ये आन खे येथून माघार घेताना, मध्य पठारावरील १९ क्रमांकाच्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्या व्हिएतमिन्ह सैन्याने या पथकाची वाताहत केली. यंत्रसज्ज सैन्य रस्त्याला जखडलेले असते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश दुसऱ्याचा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या घोडदळ डिव्हिजनचा तळ पडला तो याच आन खे येथे. ही डिव्हिजन हेलिकॉप्टरांतून लढणारी होती.

१९६६ मध्ये आलेल्या 'हेल इन अ व्हेरी स्मॉल प्लेस' या ग्रंथात दिएन बिएन फू येथील वेढ्याचा सांगोपांग इतिहास आहे. १३ मार्च ते ७ मे १९५४ या काळात चाललेल्या या लढाईने इंडोचायनातील फ्रेंच सत्तेचा अस्त झाला. डोंगर ओलांडून शत्रू जड तोफा आणू शकणार नाही, असे फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचे गृहीतक होते. जनरल व्हो न्गुयेन जाप यांच्या सैनिकांनी त्या हातांनी ओढून डोंगरावर चढविल्या. गृहीतक कोसळल्यावर फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल शार्ल पिरोत यांनी आत्महत्या केली. फॉल यांनी फ्रेंच लष्करी दप्तरांचा आधार घेत या लढाईची कथा बारकाव्यांनिशी लिहिली.

फ्रेंच जवानांविषयीची आत्मीयता या पुस्तकांतून लपत नाही, आणि त्यामुळे ते युद्ध काहीसे फ्रेंच नजरेतून दिसते, असा आक्षेप घेता येतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु या आत्मीयतेने फॉल यांचा हिशेब चुकविला नाही. जवानाच्या धैर्याबद्दल आदर बाळगूनही त्याला तेथे पाठविणाऱ्या धोरणाची चिकित्सा करता येते, हे त्यांच्या लेखनातून ठायी ठायी प्रत्ययास येते.

दोन्ही बाजूंना नकोसे

१९५६ पासून फॉल वॉशिंग्टनमधील हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या प्रतिष्ठित विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवीत होते. तेथून ते वारंवार इंडोचायनात जात. १९६२ मध्ये त्यांना हनोईत प्रवेश मिळाला आणि हो ची मिन्ह व पंतप्रधान फाम व्हान दोंग यांची भेट घेता आली. फ्रेंचांना हरविण्यास आठ वर्षे लागली, अमेरिकी अधिक बलवान असल्याने कदाचित दहा वर्षे लागतील, पण शेवटी दक्षिणेतील आमचे बांधव जिंकतील, असा विश्वास हो यांनी त्यांच्यापाशी व्यक्त केला. अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या १९७३ मध्ये व्हिएतनाममधून परतल्या आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.

फॉल युद्धविरोधी चळवळीचे प्रवक्ते नव्हते. कम्युनिस्ट राजवटीच्या दडपशाहीवर त्यांनी टीका केली आणि गावप्रमुखांच्या हत्यांचे समर्थन कधीही केले नाही. अमेरिका म्हणजे फ्रान्स नव्हे, हेही ते सांगत. अमेरिकेची अफाट मारकशक्ती पाहून १९६५ मध्ये त्यांनी असे मत मांडले, की लष्करीदृष्ट्या अमेरिकेचा पराभव होणे कठीण आहे. मात्र त्या मारकशक्तीखाली व्हिएतनाम नावाचा देश आणि त्याची संस्कृती शिल्लक राहील काय, ही चिंता त्यांना पोखरू लागली. त्या वर्षी एका स्कायरेडर बॉम्बफेकी विमानातून त्यांनी प्रत्यक्ष उड्डाण केले. मच्छीमारांच्या एका गावावर झालेला हल्ला त्यांनी वरून पाहिला आणि त्यावर लिहिलेल्या लेखात या यांत्रिक, चेहरा नसलेल्या युद्धाचे चित्र उभे केले.

अमेरिकी शासनाची त्यांच्याबाबतची वागणूक विसंगतीचा उत्तम नमुना ठरावी. लष्कराच्या प्रशिक्षण संस्था त्यांना व्याख्यानांसाठी बोलावीत होत्या, अधिकारी त्यांची पुस्तके वाचीत होते. आणि त्याच वेळी संघीय अन्वेषण विभाग म्हणजे एफबीआय त्यांच्यावर पाळत ठेवून होता. फ्रेंच नागरिकत्व त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. सत्य सांगणाऱ्या परक्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते, हा अनुभव त्यांनाही चुकला नाही.

शेवटचा प्रवास

१९६४ मध्ये एका गंभीर विकाराने फॉल यांना एक मूत्रपिंड गमवावे लागले. शारीरिक मर्यादांची जाणीव झाल्यावर त्यांनी लेखनाचा वेग वाढविला. १९६६ च्या अखेरीस ते पुन्हा व्हिएतनामला निघाले, तेव्हा त्यांच्या तीन मुलींपैकी सर्वांत धाकटी तान्ही होती.

घरी बसून पुस्तके लिहिण्याइतकी कीर्ती त्यांना मिळालेली होती. तरीही प्रत्यक्ष पाहिल्यावाचून लिहावयाचे नाही, हा नियम त्यांनी सोडला नाही. नोंदवह्यांतून निष्कर्ष काढणारा हा अभ्यासक त्या नोंदी ज्या गावांच्या आहेत, त्या गावांत जाऊन येण्याचा आग्रह धरीत असे. कागद आणि चिखल यांची सांगड घालण्याच्या या आग्रहाची किंमत त्यांनी प्राणांनी चुकती केली.

आकडे होते, अर्थ नव्हता

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने आकड्यांची कमतरता भासू दिली नाही. मृत शत्रूंची मोजदाद हा यशाचा प्रमुख निकष बनला. फॉल यांच्या मृत्यूच्या वर्षीच, १९६७ मध्ये, वस्त्यांना 'अ'पासून 'ई'पर्यंत श्रेणी देणारी संगणकीय मूल्यमापन पद्धतही सुरू झाली. गाव हे एकक मान्य झाले होते. परंतु श्रेणी देणारे अमेरिकी सल्लागार बहुधा त्याच जिल्ह्यातील सुधारणेस जबाबदार होते. परीक्षा देणाऱ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार होता. फॉल यांनी आकडे घेतले ते ज्यांना निकालाशी देणेघेणे नव्हते अशांच्या वह्यांतून. फरक नेमका येथे होता.

१९६८ मध्ये खे सान्ह येथील अमेरिकी तळाला वेढा पडला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दिएन बिएन फूची आठवण जागी झाली. व्हिएतनाममध्ये लढलेले आणि पुढे अमेरिकी सेनादलांचे प्रमुख झालेले कॉलिन पॉवेल यांनी १९९५ च्या आत्मचरित्रात 'स्ट्रीट विदाऊट जॉय'चा आवर्जून उल्लेख केला. अध्यक्ष केनेडी किंवा जॉन्सन यांनी एखाद्या सुटीत हे पुस्तक निवांत वाचले असते, तर त्या दलदलीतून बाहेर पडण्याची वाट त्यांनी तातडीने शोधली असती, अशा आशयाची खंत त्यांनी नोंदविली. फॉल यांच्या पत्नी डोरोथी यांनी २००६ मध्ये पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांच्या काळात फॉल यांच्या विवेचनाकडे अभ्यासक पुन्हा वळले.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल काही दिवसांत कोसळले, तेव्हा कागदोपत्री मोठे असलेले अफगाण सैन्य गेले कोठे, असा प्रश्न जगाला पडला. फॉल असते तर त्यांनी बहुधा दुसरेच प्रश्न विचारले असते. गावातील तंटा कोणाच्या न्यायालयात मिटतो? रस्त्यावरील ट्रककडून कर कोण घेते? शिक्षकाचा पगार कोण देते आणि तो शाळेत जाऊ शकतो का? या प्रश्नांची उत्तरे रणधुमाळीच्या बातम्यांत क्वचितच सापडतात. ती शोधण्यासाठी करवसुलीच्या कार्यालयात जाऊन धुळीने भरलेल्या वह्या उघडाव्या लागतात, आणि मग त्या गावापर्यंत चालत जावे लागते.

दृष्टिक्षेपात

१९२६ : व्हिएन्ना येथे जन्म
१९३८ : कुटुंबासह फ्रान्समध्ये आश्रय
१९४२ : फ्रेंच प्रतिकार चळवळीत प्रवेश
१९५१ : फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत
१९५३ : व्हिएतनामचा पहिला दौरा
१९५५ : सिरॅक्यूज विद्यापीठाची डॉक्टरेट
१९५६ : हॉवर्ड विद्यापीठात अध्यापनास प्रारंभ
१९६१ : 'स्ट्रीट विदाऊट जॉय' प्रसिद्ध
१९६२ : हनोईत हो ची मिन्ह यांची भेट
१९६३ : 'द टू व्हिएतनाम्स' प्रसिद्ध
१९६६ : 'हेल इन अ व्हेरी स्मॉल प्लेस' प्रसिद्ध
१९६७ : ह्युएनजीक सुरुंगस्फोटात मृत्यू, 'लास्ट रिफ्लेक्शन्स ऑन अ वॉर' मरणोत्तर प्रसिद्ध